मंगळ वगळून

"काकू, हातातलं ठेवा आणि जरा इकडे या. फ्रान्समधल्या एका बाईनं लाख फ्रँक मागे ठेवले होते. कुणासाठी माहितीये? जो दुसऱ्या ग्रहावरच्या लोकांशी बोलेल आणि तिकडून उत्तर मिळवून दाखवेल, त्याच्यासाठी!"

"कधीची गोष्ट?"

"१९०० साली जाहीर झालं ते बक्षीस. क्लारा गोगे गुझमान तिचं नाव. मुलाच्या नावानं ठेवलं आणि पैसे फ्रेंच विज्ञान अकादमीच्या हवाली केले. अट एकच. मंगळ चालणार नाही."

काकूंनी मेंदीच्या कुंपणावरून मान वर काढली. "का? पत्रिकेत कडक मंगळ होता?"

"नाही हो! मंगळावर वस्ती आहे हे तेव्हा लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं, की तिथल्यांशी बोलणं म्हणजे काही पराक्रमच नाही असं वाटलं. मंगळ सोडून दुसरा कुणी गाठा, मग पैसे. पुढे १९२४ च्या ऑगस्टमध्ये मंगळ पृथ्वीच्या फार जवळ आला, तेव्हा डेव्हिड टॉड नावाचे खगोलशास्त्रज्ञ अमेरिकन सरकारच्या मागेच लागले. नौदलाच्या रेडिओ केंद्रांना हुकूम गेला, उगाच संदेश सोडू नका, कान देऊन बसा, काही वेगळं ऐकू आलं तर कळवा. सैन्यातला गुप्तलिपी फोडणारा माणूससुद्धा तयार ठेवला होता, मंगळाची चिठ्ठी आली तर वाचायला."

"आली?"

"कसली येतेय."

"आणि ते लाख फ्रँक?"

"१९६९ मध्ये चंद्रावर जाऊन आलेल्या अपोलो ११ च्या मंडळींना दिलं बक्षीस."

"चंद्रावर कोण होतं बोलायला?"

"कुणीच नाही."

"मग निकाल चुकला," काकू म्हणाल्या. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत पेपर तपासलेत, तिथं सूट नाही. "पण हे आज कुठून काढलंस?"

काढलं ते असं की नारायणगावात राहून हा विषय टाळताच येत नाही. खोडदच्या रस्त्याला लागलं की टोमॅटोच्या शेतांमागे रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड तबकड्या उभ्या दिसतात आणि आलेला प्रत्येक पाहुणा एकच प्रश्न विचारतो, काही ऐकू आलं का यांना. काकूंचा प्रश्न मात्र वेगळा निघाला. ऐकू येत नाही तर का येत नाही, हे कुणी शोधलं की नाही?

"हाच प्रश्न जेवणाच्या टेबलावर निघाला होता," मी म्हटलं. "१९५० चा उन्हाळा. लॉस अलामॉस, जिथं अणुबॉम्ब तयार झाला ते गाव. एन्रिको फर्मी, एडवर्ड टेलर आणि आणखी दोघं जेवायला निघालेले. वाटेत गप्पा कशावर, तर 'न्यूयॉर्कर'मधल्या व्यंगचित्रावर. न्यूयॉर्कमधले कचऱ्याचे डबे तेव्हा गायब होत होते आणि पेपरात उडत्या तबकड्यांच्या बातम्या येत होत्या. चित्रकारानं दोन्ही जोडून दिलं, परग्रहावरची मंडळी डबे घेऊन चालली आहेत."

"एवढे मोठे शास्त्रज्ञ आणि गप्पा कचऱ्याच्या डब्यांच्या."

"जेवायला बसले, विषय बदलला, भलतंच काही चाललेलं. मध्येच फर्मी म्हणाला, पण सगळे आहेत कुठे? आणि सगळे हसले, कारण कोणाबद्दल विचारतोय हे न सांगता कळलं. त्याचं म्हणणं पाहा. आपली आकाशगंगा लाखभर प्रकाशवर्षं रुंद. प्रकाशाच्या वेगाच्या शंभराव्या हिश्शानं सरकलं तरी एक कोटी वर्षांत या टोकाचं त्या टोकाला जाता येतं. आकाशगंगेचं वय त्याच्या हजारपट. म्हणजे कुणी तरी एव्हाना येऊन जायला हवं होतं."

"एक कोटी वर्षं?" काकूंनी कात्री खाली ठेवली. "अगं, शंभर पिढ्यांनंतर तरी आठवेल का त्यांना, कशाला निघालो होतो ते? वाटेत बरी जागा दिसली की राहतील तिथंच."

हा आक्षेप खरं तर भारीच आहे आणि जाणकारांनीही तो घेतलाय. पण १९७५ मध्ये मायकेल हार्ट नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं शोधनिबंध लिहून निकाल देऊन टाकला की ते इथं नाहीत, म्हणजे ते नाहीतच. त्याआधी दोन वर्षं हार्वर्डचा जॉन बॉल म्हणाला होता, आहेत, पण त्यांनी आपल्याला प्राणिसंग्रहालयात ठेवल्यासारखं ठेवलंय. बघतात, बोलत नाहीत. सगळ्यांनी मिळून ठरवलंय, यांना हात लावायचा नाही.

"शक्यच नाही," काकू म्हणाल्या.

"का?"

"एकानं तरी लपून शेंगदाणे टाकलेच असते."

मी हसत बसले, पण या कल्पनेला विरोध करणारे शास्त्रज्ञ दुसरं काय सांगतात? हजार संस्कृती असतील तर हजारांनी नियम पाळायला हवा, तोही कोट्यवधी वर्षं. एकानं मोडला की संपलं. शिवाय मला या कल्पनेत आपला तोराच फार दिसतो. इतके बघण्याजोगे आहोत का आपण?

"मग भीतीवाले आहेत," मी पुढं सांगितलं. "२०१० मध्ये स्टीफन हॉकिंग म्हणाले, त्यांच्याशी बोलायला जाऊ नका. कोलंबस अमेरिकेत उतरला तेव्हा तिथल्या लोकांचं काय झालं ते आठवा. चीनचा एक कादंबरीकार आहे, लिउ सिशिन. त्यानं २००८ च्या कादंबरीत विश्वाला काळोखं रान म्हटलंय. झाडामागे प्रत्येक जण बंदूक रोखून उभा. जो आवाज करेल तो मेला. म्हणून सगळीकडे सामसूम."

"आणखी?"

"रॉबिन हॅन्सन, अर्थशास्त्रज्ञ. तो म्हणतो, निर्जीव दगडापासून तारे पादाक्रांत करण्यापर्यंतच्या वाटेत कुठे तरी एक पायरी अशी आहे की ती जवळजवळ कुणालाच चढता येत नाही. ती पायरी आपल्या मागे राहिली असेल तर आपण नशीबवान, आणि पुढे असेल तर…"

"तर काय, कळलं."

"ऑक्सफर्डवाल्यांचं तर ऐकाच. २०१७ मध्ये अँडर्स सँडबर्ग आणि त्याच्या सोबत्यांनी मांडलं की ते लोक झोपलेत. विश्व अजून ऊबदार आहे, पुढे गार होईल, आणि गारव्यात गणनं करायला ऊर्जा कमी लागते. तेव्हा उठू म्हणून पडून आहेत."

काकू गप्प झाल्या. त्यांचं असं झालं की समजावं, काही तरी शिजतंय.

"समोरच्या बंगल्यात ती मंडळी राहायला आली होती, आठवतं?" त्या म्हणाल्या. "दार बंद, कुणाशी बोलणं नाही. बँकेतले अण्णा म्हणाले, कर्ज बुडवून आलेत. दवाखान्यातल्या ताईंनी ठरवलं, घरात आजारपण आहे. ज्यांच्या मुलाचं दहावीचं वर्ष, त्या म्हणाल्या, मुलाची दहावी असणार. त्या घरातलं कुणालाच काही ठाऊक नव्हतं. जो तो आपल्या घरचं सांगत होता."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझा तो हॉकिंग इंग्लंडचा. कुठं तरी जाऊन उतरायचं आणि तिथल्यांचं वाटोळं करायचं, हे त्याच्या मुलखाच्या इतिहासात आहे. गणनं करणाऱ्याला वाटतं, तेही गणनंच करताहेत. अणुबॉम्बच्या गावातल्यांना काय वाटलं?"

खरंच होतं. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या ग्रीन बँक वेधशाळेत फ्रँक ड्रेक या खगोलशास्त्रज्ञानं आकाशगंगेत बोलू शकणाऱ्या संस्कृती किती याचं समीकरण मांडलं. त्यातला शेवटचा आणि सगळ्यात बोचरा आकडा म्हणजे अशी संस्कृती टिकते किती वर्षं. शीतयुद्धाच्या दिवसांत त्या आकड्यापाशी आलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे बॉम्बच यायचा. आज तिथं हवामान येतं, नाही तर यंत्रांची बुद्धी.

"आता मला सांग," काकूंनी विषय जमिनीवर आणला, "तिकडचे बोलत नाहीत हे ठरवणारे आपण कोण? आपण ऐकतो तरी का नीट?"

इथं मला बोलायला जोर आला. "तेच तर. ऐकायला सुरुवातच मुळी १९६० मध्ये झाली. त्याच ड्रेकनं ग्रीन बँकच्या सव्वीस मीटरच्या तबकडीनं दोन तारे ऐकले, टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी. १४२० मेगाहर्ट्झच्या आसपास, कारण हायड्रोजन तिथं बोलतो आणि हायड्रोजन विश्वात सगळ्यांना माहीत असणार. दोनच तारे, काकू! आकाशगंगेत आहेत किमान दहा हजार कोटी. आता रग्गड पैसा ओतून दहा लाख ताऱ्यांकडे कान लावायचं काम चाललंय, तेही पुरतं व्हायला वेळ आहे. आणि नुसता तारा ठरवून भागत नाही. कुठली कंप्रता, कुठली वेळ, किती वेळ. आपण मंगळवारी ऐकलं आणि ते बुधवारी बोलले तर?"

"आपलं खोडद करतं का हे?"

"खोडदचं मुख्य काम वेगळं. दूरच्या आकाशगंगा, पल्सार, हायड्रोजनचे ढग. ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांनी काय हिकमत केली बघा. पंचेचाळीस मीटर रुंदीच्या तीस तबकड्या, पण भरीव पत्र्याच्या नाहीत, तारांची जाळी ताणलेली. वारा आरपार जातो, त्यामुळे वजन कमी, खर्चही कमी. चौदा मधोमध, बाकीच्या सोळा तीन फाट्यांवर पंचवीस किलोमीटरच्या टप्प्यात विखुरलेल्या. हा मुलूख निवडला त्यातलं एक कारण म्हणजे इथं रेडिओचा गोंगाट कमी."

"म्हणून तिथं मोबाईल बंद करायला लावतात होय."

"लावणारच. आणि मजा सांगू? मंगळाचं बोलणं खोडदनं ऐकलंय. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचं स्कियापारेली नावाचं यान मंगळावर उतरत होतं. त्याचा बारीकसा आवाज आपल्या तबकड्यांनी पकडला. उतरायच्या जरासं आधी तो बंद झाला. यान आपटलं होतं."

"बिचारं. पण मंगळ चालत नाही ना त्या बाईला."

"नाहीच, आणि बोलणारं यानही आपलंच!"

गोंगाटाचा विषय निघाला म्हणून मी ऑस्ट्रेलियातली गोष्ट सांगितली. ती मला या सगळ्या प्रकरणात फार आवडते. पार्क्स इथल्या दुर्बिणीला १९९८ पासून मधूनमधून विचित्र झटके ऐकू यायचे. दूर अंतराळातून येणाऱ्या खऱ्या झटक्यांशी त्यांचं इतकं साम्य की माणसं चक्रावून गेली. नावसुद्धा ठेवलं, पेरिटॉन, दंतकथेतल्या पंखवाल्या हरणाचं. २०१५ मध्ये उलगडा झाला. केंद्रातल्याच स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह होता. कुणाला तरी धीर नसायचा, वेळ पूर्ण होण्याआधीच दार उघडायचा. त्या क्षणी जी लाट सुटे, ती दुर्बिणीचं तोंड नेमक्या दिशेला असलं की पकडली जाई.

"सतरा वर्षं?" काकूंचा हात गालावर. "एकालाही वाटलं नाही, जेवायच्या सुट्टीतच कसं येतं हे?"

"दिवसा, कामाच्या वेळेत येतं, म्हणजे आपल्याच इथलं काही तरी असणार, एवढी शंका होती. पण मायक्रोवेव्ह डोक्यात यायला वेळ लागला."

"बाईमाणूस असतं तिथं तर लगेच कळलं असतं."

"बाईनंच लावला शोध, काकू. एमिली पेट्रॉफ. तेव्हा पीएचडी करत होती."

यावर काकूंचा चेहरा असा खुलला की जणू त्यांच्याच वर्गातली पोरगी. मग जोसेलिन बेलची गोष्टही सांगावीच लागली. १९६७, केंब्रिज. कागदाच्या पट्ट्यांवर दर १.३ सेकंदाला एक ठोका, घड्याळ लाजेल असा नेमका. थट्टेत नाव ठेवलं 'एलजीएम', म्हणजे छोटी हिरवी माणसं. बेल वैतागलेली. तिचा प्रबंध अडकलाय आणि या हिरव्या माणसांना तिचीच कंप्रता सापडली बोलायला! तशाच नेमानं ठोके देणारा दुसरा स्रोत आकाशात भलतीकडे सापडला आणि तिचा जीव भांड्यात पडला. दोन टोकांचे हिरवे लोक एकाच वेळी एकाच पद्धतीनं बोलणार नाहीत. तो निघाला पल्सार, नेमानं ठोके देणारा तारा. नोबेल मिळालं तिच्या मार्गदर्शकाला.

"आणि तो वाव?" आतून काका ओरडले. ते ऐकत होते तर.

"हो काका, तोही. १५ ऑगस्ट १९७७, ओहायो. तिथल्या दुर्बिणीला बहात्तर सेकंद एक आवाज ऐकू आला. जेरी एहमननं छापील कागदावर लाल शाईनं 'वाव!' लिहिलं. ती दुर्बीण जागची हलायची नाही. पृथ्वी फिरेल तसा आकाशातला एखादा ठिपका तिच्यापुढून बहात्तर सेकंदांत सरकायचा, आणि आवाज नेमका तसाच चढला आणि उतरला. पुन्हा कितीदा तरी तिकडे कान लावले, परत काही नाही."

"एकदा हाक मारून गप्प बसणाऱ्याला ओ कशी द्यायची," काकू म्हणाल्या. "बरं, ते राहू दे. आपण हाक मारली का कधी?"

हे विचारायला नको होतं, कारण इथून माझी गाडी थांबत नाही. १६ नोव्हेंबर १९७४. पोर्तो रिकोतली अरेसिबोची दुर्बीण दुरुस्त होऊन नवी झाली, त्याच्या समारंभात तीन मिनिटांच्या आतला संदेश सोडला. १,६७९ ठिपके, त्यात आकडे, डीएनए, माणसाची आकृती, सूर्यमाला. रोख एम १३ या तारकागुच्छाकडे. अंतर पंचवीस हजार प्रकाशवर्षं.

"म्हणजे उत्तर पन्नास हजार वर्षांनी."

"आणि ती दुर्बीण २०२० मध्ये कोसळलीसुद्धा! खरी धुसफुस इंग्लंडात झाली. मार्टिन राईल, तिकडचे शाही खगोलशास्त्रज्ञ, भडकले. पृथ्वीचा ठावठिकाणा असा न विचारता जाहीर करायचा अधिकार यांना कुणी दिला?"

"बरोबर बोलले ते."

"पण ऐकतंय कोण? २००८ मध्ये नासानं बीटल्सचं गाणं ध्रुवताऱ्याकडे सोडलं. त्याच वर्षी एका चिप्सच्या कंपनीनं उत्तर ध्रुवाजवळच्या रडारवरून सप्तर्षींच्या तारकासमूहातल्या एका ताऱ्याकडे जाहिरात धाडली."

"चिप्सची?"

"चिप्सची. बरं, नियम आहेत. १९८९ मध्ये अंतराळशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय अकादमीनं ठरवलं की खरा संदेश आला तर आधी पडताळा, मग सगळ्यांना सांगा, आणि जगाशी सल्लामसलत केल्याशिवाय उत्तर देऊ नका. पण तो करार नुसता सज्जनांचा. मोडला तर दंड नाही. आणि आपणहून हाक मारणाऱ्याला त्यात अडवलेलंच नाही."

"पण टीव्ही, रेडिओ तर जातंच असेल की वर," आतून काका. "सगळ्या मालिका ऐकल्या असतील त्यांनी, म्हणून येत नाहीत."

काकांचा विनोद जुना आहे आणि शास्त्रही त्याच्या विरोधात आहे. टीव्हीची लाट चौफेर पसरते, चार-सहा प्रकाशवर्षांत इतकी विरळ होते की आपल्यासारख्याच दुर्बिणी तिकडे असल्या तर त्यांना ती सापडायची नाही. ठळक दिसतील ती सैन्याची रडारं, आणि दुर्बिणीतून ग्रहांवर सोडलेल्या नेमक्या शलाका. शिवाय आपण दिवसेंदिवस शांतच होतोय. कार्यक्रम केबलमधून, फायबरमधून जातात, लहान मनोरे जवळच्या जवळ बोलतात. शंभर वर्षांच्या आत एक बोलघेवडी प्रजा वरून पाहणाऱ्याला मुकी होत चाललीय. हे मला पटणारं उत्तर आहे. पुढारलेल्यांकडून आवाज सांडतच नसेल. आपण मात्र सांडलेलंच शोधत बसलोय.

"आणि मराठीतून काय पाठवलंय, ते सांगू?" मी विचारलं.

काकू कुंपणाला अगदी टेकल्या.

"१९७७ मध्ये दोन व्हॉयेजर यानं गेली. दोन्हीवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी. पंचावन्न भाषांतले नमस्कार, जगभरचं संगीत, शंभरावर चित्रं. मराठीतल्या बाईंनी पृथ्वीवरच्या लोकांचे शुभविचार कळवलेत आणि या जन्मी तुम्हाला धन्यता लाभो म्हटलंय. भेटा बिटा काही नाही. गुजरातीत स्पष्ट सांगितलंय, संदेश मिळाल्यावर उलट संदेश पाठवा."

"धंद्याची माणसं. पोच हवी."

"आणि चीनकडची अमॉय म्हणून एक बोली आहे. त्या बाईंनी विचारलंय, कसे आहात सगळे, जेवलात का, सवड असेल तर या."

"हे खरं बोलणं!" काकूंनी कुंपणावर थाप मारली. "बाकी सगळे भाषण देताहेत."

मी आवाज खाली आणला, कारण पुढची गोष्ट खऱ्या कुंपणावरची. "ही तबकडी खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगननं करवून घेतली. नमस्कार गोळा करण्याचं काम कुणाकडे? त्याची बायको लिंडा हिच्याकडे. इंग्रजीतला नमस्कार त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाचा. संगीत आणि बाकीच्या जुळवाजुळवीत अ‍ॅन ड्रुयनही होती. जून १९७७ मध्ये चीनमधली एक जुनी सुरावट सापडली म्हणून सांगायला ड्रुयननं सेगनना निरोप ठेवला, त्यांनी उलट फोन केला, आणि तो फोन ठेवेपर्यंत दोघांचं लग्न ठरलं!"

"बायको असताना?"

"पुढे घटस्फोट झाला, १९८१ मध्ये लग्न झालं. ते राहू दे. त्या फोननंतर दोन-तीन दिवसांतच ड्रुयनचे मेंदूतले तरंग आणि हृदयाचे ठोके तबकडीसाठी टिपले. ती म्हणाली, त्या वेळी मनात प्रेमाचाच विचार चालला होता."

काकूंनी हिशेब घातला. "म्हणजे त्या एकाच तबकडीवर जिचं घर मोडायचंय तिनं जमवलेले नमस्कार, आणि जिचं घर बसायचंय तिच्या काळजाचे ठोके."

"असंच."

"बघ. परग्रहावर पाठवलं तरी आपल्या घरचंच पाठवतात."

"पण त्याच तबकडीवर आपल्या केसरबाई आहेत, काकू."

हे त्यांना ठाऊक होतं. काकूंचं माहेर फोंड्याचं, केसरबाई केरकर तिथल्याच केरी गावच्या. "भैरवी," त्या लगेच म्हणाल्या. "साडेतीन मिनिटांची. 'जात कहाँ हो'. अगं, पण त्यांना विचारलं असतं तर नाही म्हणाल्या असत्या बरं का. रेडिओ, ध्वनिमुद्रण या गोष्टींचं बाईंना वावडं. सुरुवातीला काही रेकॉर्डी निघाल्या, त्यातलीच ही. पुढे नको म्हणजे नको. अल्लादिया खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं घासलेलं गाणं, ते वाटेवरच्या कुणाच्याही कानावर का पडावं? शिष्या म्हणावी अशी एक धोंडूताई कुलकर्णी. त्या पिढीला चीज कुणी उचलून नेईल याची धास्ती असायची. समोर बसा, बैठक मोडू नका, मग ऐकवते. हवेत सोडून देणार नाही."

मी बघतच राहिले. एवढी पुस्तकं वाचून मला जे सुचलं नव्हतं ते काकूंनी घराण्यातून काढलं होतं. न बोलणारा घाबरलेलाच असतो किंवा मेलेला असतो किंवा झोपलेला, असं सगळ्या पंडितांनी गृहीत धरलं. ज्याला येतं, जमतं आणि तरी सगळ्यांना ऐकवायचं नाही, असाही कुणी असेल की नाही? आणि त्याची तांत्रिक बाजूही पक्की आहे. १९६१ मध्ये चार्ल्स टाउन्स आणि रॉबर्ट श्वार्ट्झ यांनी दाखवून दिलं होतं की ताऱ्याताऱ्यांमध्ये लेझरच्या बारीक शलाकेनं बोलता येईल. अशी शलाका ज्याच्यावर रोखली त्यालाच दिसते. शेजारून गेली तरी पत्ता लागत नाही. आकाशभर मैफली रंगल्या असतील आणि आपण एकाही बैठकीत बसलेलो नसू.

"हे टाउन्स कोण?" काकूंनी विचारलं.

"लेझरचा पाया घालणाऱ्यांपैकी."

"हा, म्हणजे त्यानंही आपल्या घरचंच सांगितलं."

केसरबाईंची ती रेकॉर्ड सेगनच्या माणसांना सहजी मिळत नव्हती. रॉबर्ट ब्राउन नावाच्या संगीत अभ्यासकानं नाव सुचवलेलं, पण बाजारात ती कुठेच नाही. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात प्रती मिळाल्या. व्हॉयेजर १ सुटलं ५ सप्टेंबर १९७७ ला. केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. आज ते यान इतकं लांब आहे की प्रकाशालाही तिथून यायला जवळजवळ एक दिवस लागतो, आणि दुसऱ्या एखाद्या ताऱ्याच्या जरा जवळून जायला अजून चाळीस हजार वर्षं आहेत.

"एकीकडे रेडिओला नाही म्हणायचं आणि गाणं जायचं ते असं," काकू म्हणाल्या, आणि जरा वेळ काही बोलल्या नाहीत.

मग मी शेवटचा मासला काढला. "एक रशियन होते, अलेक्सांद्र झायत्सेव्ह. क्रिमियातल्या रडारवरून १९९९ पासून त्यांनी चार वेळा संदेश सोडले, एकदा तर थेरेमिन वाद्याची मैफलच. लोक त्यांना बेजबाबदार म्हणायचे. ते उलट विचारायचे, सगळेच नुसते ऐकत बसले आणि कुणीच बोललं नाही, तर ऐकणाऱ्याला ऐकू काय येणार?"

"हे मात्र खरं."

"मग? राईलसाहेब बरोबर की झायत्सेव्ह?"

काकूंनी कात्री पुन्हा हातात घेतली. "पाठवायला हरकत नाही. पण चिप्स नको, आकडे नकोत. त्या चिनी बाईचं वाक्य पाठवावं, जेवलात का म्हणून. आणि एक सांगते, पत्ता द्यायचा नाही. आधी तो कोण, कुठला, कसा, ते कळू दे. मग पत्ता."

"पत्ता दिलाय, काकू."

"काय?"

"त्याच तबकडीच्या वेष्टणावर कोरलाय. चौदा पल्सार, प्रत्येकाच्या ठोक्याची गती, आणि त्यांच्यापासून आपला सूर्य कुठं ते. त्याआधीच्या दोन पायोनिअर यानांवरही हेच. ज्याला पल्सार कळतात त्याला घर सापडेल."

"कुणाला विचारून?" काकूंनी मला उत्तराचीही संधी दिली नाही. वळून आत ओरडल्या, "अहो, ऐकलंत का? पत्ता देऊन बसलेत हे लोक!"